इंजिनीअरिंग फी खरंच वाढली का? ठाणे-नवी मुंबईतल्या कन्सल्टन्सीसाठी घरचा भाव निर्देशांक

घोडबंदर रोडला टॉवर बांधणाऱ्या बिल्डरला विचारा, गेल्या तीन वर्षांत आरसीसी कन्सल्टंट महाग झाला का? तो म्हणेल, झाला. कन्सल्टंटला विचारा, तो म्हणेल, फी आहे तिथेच आहे आणि काम दीडपट झालंय. सोसायटीचा सेक्रेटरी जीएसटीसकट बिलाचा आकडा सांगेल आणि वर म्हणेल, सगळ्यांनीच लूट मांडलीय. तिघंही खोटं बोलत नाहीत. तिघं तीन वेगळ्या गोष्टी मोजतायत.

सिमेंट किंवा सळईच्या बाबतीत असा वाद फारसा होत नाही, कारण ५० किलोची गोणी गेल्या वर्षीही ५० किलोचीच होती. डिझाइनची सेवा तशी नसते. एकदा केलेली इमारत पुन्हा जशीच्या तशी करायला येत नाही, त्यामुळे कालच्या भावाशी आजचा भाव ताडून बघायला समान वस्तूच सापडत नाही. सरकारी आकड्यांतूनही हे भागत नाही. २०११-१२ पायाच्या (म्हणजे त्या वर्षीचे भाव १०० धरून मोजणाऱ्या) घाऊक किंमत निर्देशांकात फक्त वस्तू आहेत, सेवा नाहीत. आणि ग्राहक किंमत निर्देशांक घरखर्च मोजतो, त्यात स्ट्रक्चरल डिझाइन कुठून येणार? अमेरिकेत ब्युरो ऑफ लेबर स्टॅटिस्टिक्स इंजिनीअरिंग सेवांचा उत्पादक किंमत निर्देशांक नव्वदच्या दशकापासून काढतं. नेदरलँड्समधल्या व्होरबर्ग गावाच्या नावाने ओळखला जाणारा सांख्यिकी तज्ज्ञांचा गट १९८० च्या दशकापासून याच प्रश्नांवर बसतो. ओईसीडी ही विकसित देशांची आर्थिक संघटना आणि युरोस्टॅट हे युरोपीय संघाचं सांख्यिकी कार्यालय, यांनी मिळून सेवांचे भाव कसे मोजावेत याची मार्गदर्शिका काढली आहे, तिची दुसरी आवृत्ती २०१४ ची. पुढे जे सांगतोय त्या पद्धती तिथे रुळलेल्याच आहेत. ठाण्याच्या वागळे इस्टेटमधल्या दहा-बारा जणांच्या ऑफिसला स्वतःच्या फीचा निर्देशांक, म्हणजे सुरुवातीचा भाव १०० धरला तर आजचा किती हे सांगणारा आकडा, काढता येईल अशा बेताने त्या मांडतो.

आधी कोणता आकडा धरायचा ते ठरवा

धरायची ती ठरलेली फी, म्हणजे वर्क ऑर्डरवर सही झाली तो आकडा. प्रपोजलमध्ये लिहिलेला नव्हे. आपल्याकडे पंधरा रुपये फूट (बांधकामाच्या दर चौरस फुटाला) लिहायचं, क्लायंट तेराला मागणार, चौदाला तुटणार, हे दोन्ही बाजूंना आधीच माहीत असतं. घासाघीस वाढली की छापील दर तसाच राहून खरा भाव पडतो, आणि नेमकं तेच निर्देशांकात दिसायला हवं.

जीएसटी बाहेर ठेवा. १ जुलै २०१७ ला १५ टक्के सेवाकर जाऊन १८ टक्के जीएसटी आला तेव्हा क्लायंटचं बिल फुगलं, पण कन्सल्टंटच्या भावात एक पैसाही वाढ झाली नव्हती. टीडीएस कापून हातात येणारी रक्कमही धरू नका. तो तुमच्याच कराचा आगाऊ हप्ता आहे. महापालिकेत भरायचे शुल्क, प्रिंटिंग, लॅबची बिलं हे जर क्लायंटला जसंच्या तसं लावत असाल तर तेही वेगळं. मात्र ऑडिटच्या फीमध्येच लॅब टेस्ट गुंडाळून एकच आकडा देत असाल तर तो पूर्ण आकडाच तुमचा भाव.

तारीख कोणती? सही झाली त्या तिमाहीची. रनिंग बिलं, म्हणजे काम पुढे सरकेल तशी लावायची बिलं, तीन वर्षं निघत राहतात, त्यात जुनाच भाव पुन्हा पुन्हा येतो. ऑफिसच्या उलाढालीतून महागाई वजा करायची असेल तर बिलाच्या तारखेला अर्थ आहे, कारण काम त्या वेळी होतं. पण बाजाराचा कल बघायचा असेल तर सहीचीच तारीख.

कामं वेगळी करा, त्यांना वजनं द्या

मागच्या पूर्ण आर्थिक वर्षाची बिलं काढा आणि ढीग करा. ठाणे-नवी मुंबईतल्या साधारण ऑफिसात तीन-चारच ढीग होतात: नव्या किंवा पुनर्विकासाच्या इमारतींचं डिझाइन, जुन्या इमारतींचं स्ट्रक्चरल ऑडिट आणि दुरुस्तीचा सल्ला, महिन्याच्या रिटेनरवरची (दरमहा ठरावीक फीवरची) साइट देखरेख, आणि दुसऱ्याच्या डिझाइनची प्रूफ चेकिंग. महापे-रबाळेच्या पट्ट्यात काम असेल तर कारखान्यांच्या शेडचा ढीग वेगळा करा. त्याचा बाजार निवासी कामापेक्षा निराळ्या चालीने चालतो.

प्रत्येक ढिगाचा उलाढालीतला हिस्सा म्हणजे त्याचं वजन. हे वजन वर्षभर हलवायचं नाही. फक्त ज्या कामाला किरकोळ पैसे येतात, म्हणजे एखादं स्थैर्य प्रमाणपत्र वगैरे, ते सोडून दिलं तरी चालतं.

इथे एक सापळा आहे आणि त्यात बरेच जण सरळ चालत जातात: वर्षाची एकूण फी भागिले वर्षाचं एकूण क्षेत्रफळ. समजा गेल्या वर्षी नौपाड्यातल्या तीन छोट्या पुनर्विकासांना २२ रुपये फूट मिळाले आणि यंदा कोलशेतचा एक मोठा टॉवर १२ रुपयांनी आला. सरासरी जवळजवळ निम्मी झाली, पण भाव कुठे पडला? लहान इमारतीला दर फुटामागे डोकं जास्त लागतं म्हणून दर जास्त असतो. बदललं ते कामांचं मिश्रण. प्रति फूट सरासरी ही फक्त जवळजवळ एकसारख्या कामांपुरती वापरावी, आणि अशी कामं या धंद्यात थोडी.

भाव मोजायचा कसा

सगळ्यात सोपी पद्धत करार तोच असेल तेव्हाची. एखाद्या कारखान्याशी वार्षिक देखरेखीचा करार आहे, दरवर्षी नवा होतो, कामाची यादी तीच. आकडा आकड्याशी भिडवा, झालं. पण कामाची यादी खरोखर तीच आहे ना, हे करार उघडून वाचा. महिन्याचे ६०,००० तेच राहिले पण साइट व्हिजिट आठवरून सातवर आल्या, तर दर व्हिजिटला ७,५०० ऐवजी ८,५७१ रुपये पडतात; १४.३ टक्के वाढ. वडापावचा भाव तोच आणि वडा लहान, असला प्रकार.

टक्केवारीची फी फसवी असते. समजा २० कोटींच्या बांधकामावर दीड टक्का, म्हणजे ३० लाख. स्टील-सिमेंट महागून तीच इमारत २२ कोटींची झाली, तर दीड टक्क्याने ३३ लाख होतात. तेच डिझाइन, तेवढेच कॉलम, आणि भाव १० टक्क्यांनी वाढला. ही वाढ खरी आहे, ती निर्देशांकात यायलाच हवी. ‘टक्का तोच, म्हणजे भाव तोच’ हे म्हणणं चूक. क्लायंटने टक्का १.४ वर आणला तर ३०.८ लाख, म्हणजे वाढ २.७ टक्के. उलटही होतं. भारत सरकारने २१ मे २०२२ ला स्टीलवर निर्यात शुल्क लावलं आणि देशातले स्टीलचे भाव खाली आले, तेव्हा टक्केवारीवर काम घेणाऱ्यांची फीदेखील न मागता खाली सरकली. मोजताना इमारतीची किंमत तुम्ही फक्त भावापुरती वाढवायची. घाऊक किंमत निर्देशांकातल्या सिमेंट आणि पोलादाच्या उपनिर्देशांकांचा त्यासाठी उपयोग होतो, मजुरीचा दर तुमच्या अंदाजपत्रकातून घ्या. इमारत दोन मजले उंच झाली म्हणून किंमत वाढली असेल तर ती वाढ यात घ्यायची नाही.

तासाचा दर ही पद्धत ऑफिसात सगळ्यांना आवडते, कारण टाइमशीट हाताशी असते. तरी तिच्याकडे मी संशयानेच बघतो. हा हिशेब बघा. एका मध्यम इमारतीच्या डिझाइनला पूर्वी सीनियरचे ४० तास २,००० रुपयांनी आणि ज्युनियरचे २०० तास ८०० रुपयांनी लागत होते, एकूण २,४०,०००. आता सीनियरचा दर २,२००, ज्युनियरचा ९००. तास जुनेच धरले तर रक्कम होते २,६८,०००, म्हणजे भाव ११.७ टक्क्यांनी वाढला. पण मधल्या काळात ऑफिसने बार बेंडिंग शेड्यूल (सळया कशा कापायच्या-वाकवायच्या याची यादी) आणि ड्रॉइंगचं बरंच काम सॉफ्टवेअरवर टाकलं, ज्युनियरचे तास १५० वर आले. क्लायंटला आता २,२३,००० लावले जातात. त्याच इमारतीचं तेच डिझाइन ७.१ टक्क्यांनी स्वस्त झालं, आणि तासाचा दर मात्र ११.७ टक्के महागाई दाखवतोय. क्लायंट तास विकत घेत नाही, डिझाइन घेतो. तेव्हा तासाचा दर ठेवायचाच असेल तर जिथे खरोखर तास विकले जातात तिथे ठेवा: तज्ज्ञ साक्ष, सल्ल्याची बैठक, मोठ्या कंपनीला उसना दिलेला इंजिनीअर. तिथेही रेट कार्डवरचा दर घेऊ नका. प्रत्यक्ष वसूल झालेले पैसे भागिले प्रत्यक्ष लावलेले तास, तोच दर.

उरलेल्या डिझाइनच्या कामाला माझ्या मते एकच पद्धत धड बसते, ती म्हणजे नमुना काम. एक काल्पनिक पण अस्सल वाटेल असं काम कागदावर पक्कं करायचं आणि दर तिमाहीला त्याला नव्याने भाव लावायचा. वर्णन जितकं काटेकोर तितका निर्देशांक खरा. ‘ठाण्यातला टॉवर’ एवढ्याने भागणार नाही. असं लिहा: घोडबंदर रोड, निवासी, स्टिल्ट, तीन पोडियम आणि २२ मजले, बांधकाम क्षेत्र १,८०,००० चौरस फूट, खडक अमुक खोलीवर, राफ्ट फाउंडेशन (इमारतीखाली एकसंध काँक्रीटचा पाया), आर्किटेक्टकडून बदल दोनदा, ड्रॉइंगचे संच इतके, साइट व्हिजिट महिन्याला दोन, क्लायंट मध्यम बिल्डर, पैसे टप्प्याने. जमीन विसरू नका. उलव्यात खाडीकाठच्या मऊ चिखलमातीत पाइल, म्हणजे जमिनीत खोल उतरवलेले काँक्रीटचे खांब, घालावे लागले तर तो वेगळा नमुना झाला. आर्किटेक्टचे बदल मुद्दाम लिहायला सांगतोय, कारण आपल्याकडे नफा तिथेच गळतो.

नमुन्याला भाव लावायचा कोणी? जो माणूस खरोखर क्लायंटसमोर बसून फी तोडतो त्याने. अकाउंटंटने नव्हे. त्याला विचारायचा प्रश्नही नीट असावा: ‘हे काम या तिमाहीत मिळवायला तुम्ही शेवटी कितीवर सही केली असती?’ नाहीतर लोक मागच्या तिमाहीच्या आकड्यावर पाच टक्के चढवून फॉर्म परत पाठवतात. सलग तीन तिमाही गोल पाच टक्के दिसले की फोन करा आणि त्याच काळातल्या खऱ्या वर्क ऑर्डर समोर ठेवून बोला. कामं कमी होती म्हणून माणसं बसवून ठेवण्यापेक्षा तोट्यात घेतलेलं काम, ते देखील भावच आहे. वगळू नका.

काम बदललं तर

सगळ्यात जास्त डोकं इथे लागतं, आणि ठाणे-नवी मुंबईत तर जास्तच. डिसेंबर २०२० मध्ये एकत्रित विकास नियंत्रण नियमावली, म्हणजे यूडीसीपीआर, आली. ५० मीटरपेक्षा उंच काँक्रीट इमारतींसाठी आयएस १६७०० हे मानक २०१७ पासून आहे, आणि त्याने टॉवरच्या विश्लेषणाचं काम वाढवलं. सोसायट्यांच्या आदर्श उपविधींप्रमाणे १५ ते ३० वर्षं वयाच्या इमारतीचं ऑडिट पाच वर्षांतून एकदा आणि त्यापुढे तीन वर्षांतून एकदा करावं लागतं. सिडकोच्या काळातल्या वाशी-नेरूळच्या इमारती आता दुसऱ्या गटात पडतात. तिथे नुसतं बघून आणि हातोड्याने ठोकून भागत नाही; रीबाउंड हॅमर, अल्ट्रासॉनिक, कोअर, हाफ-सेल या काँक्रीटची ताकद आणि सळईचा गंज तपासणाऱ्या चाचण्या जास्त घ्याव्या लागतात.

अशा वेळी फी वाढली तर त्यातली किती भावाची आणि किती कामाची? नियम सोपा ठेवा. वाढलेल्या कामाला तुमच्या ऑफिसात किती तास लागतात ते काढा, त्या वेळच्या वसूल दराने गुणा आणि नव्या फीमधून वजा करा. उरलं त्याची तुलना जुन्या फीशी. नियमाने लादलेलं जास्तीचं काम ‘क्लायंटने मागितलं नव्हतं’ म्हणून सोडून द्यावं की नाही यावर मतं वेगळी आहेत. मी ते वजा करतो. क्लायंटच्या हातात पडणारी वस्तू बदलली आहे, त्याला ती आवडो न आवडो. आणि जास्तीचं काम अंगावर घेऊन फी तीच राहिली असेल तर निर्देशांक खाली यायला हवा. कन्सल्टंटची ‘काम दीडपट’ ही तक्रार आकड्यात उतरते ती याच ठिकाणी.

दोन गोष्टी मात्र वजा करायच्या नाहीत. आपल्याच चुकीमुळे ड्रॉइंग पुन्हा काढावी लागली, त्याचे तास. आणि नव्या सॉफ्टवेअरचा वार्षिक परवाना: तो तुमचा खर्च आहे. त्या सॉफ्टवेअरमधून क्लायंटला वेगळं काही मिळत असेल, उदाहरणार्थ प्लंबिंग आणि बीम कुठे आदळतात हे दाखवणारं त्रिमितीय मॉडेल, तर ते काम म्हणून मोजा.

हिशेब

समजा ढिगांची वजनं अशी आली: डिझाइन ५०, ऑडिट ३०, रिटेनर २०. पाया तिमाही, म्हणजे जिथून मोजायला सुरुवात केली ती, = १००. आकडे फक्त पद्धत दाखवण्यासाठी घेतले आहेत, बाजारभाव म्हणून वापरू नका.

डिझाइन: वरचा घोडबंदरचा नमुना पाया तिमाहीत १४ रुपये फुटाने, २५,२०,०००. आता १५ मागून १४.५० ला तुटतो, २६,१०,०००. वरवर ३.६ टक्के वाढ. पण आता त्यात त्रिमितीय मॉडेलही द्यावं लागतं, ८० तास, ९०० रुपयांनी ७२,०००. वजा करून २५,३८,०००. भागिले २५,२०,०००, निर्देशांक १००.७.

ऑडिट: दोन नमुने. वाशीतली चार मजल्यांच्या पाच इमारतींची सोसायटी, १,६०,००० वरून १,७२,०००, म्हणजे १०७.५. नौपाड्यातली १६ घरांची इमारत, ४५,००० वरून ४६,०००, म्हणजे १०२.२. एका ढिगातल्या नमुन्यांची भूमितीय सरासरी घ्या, म्हणजे दोन्ही गुणून वर्गमूळ: १०४.८. साधी सरासरीही इथे जवळपास तीच येते, पण एखादा नमुना एकदम उसळला तर साधी सरासरी त्याच्याबरोबर वाहत जाते.

रिटेनर: व्हिजिट कमी झालेला तो करार, ११४.३.

वजनांनी गुणून बेरीज: ५०.४ + ३१.४ + २२.९ = १०४.७. भाव ४.७ टक्क्यांनी वाढले, आणि त्यातली निम्म्याहून जास्त वाढ अशा करारातून आली ज्याचा आकडा कागदावर हललाच नव्हता. एकूण आकड्यापेक्षा ही फोड जास्त कामाची असते, म्हणून तिन्ही ओळी शीटवर कायम दिसू द्या.

नमुना जुना झाला की बदला. चार मजली इमारतीचं डिझाइन आता कोणी मागत नसेल तर तिला भाव लावणं म्हणजे कल्पनाविलास. ज्या तिमाहीत बदलाल त्या तिमाहीत जुन्या आणि नव्या, दोन्ही नमुन्यांना भाव लावा. जुन्याचा निर्देशांक तेव्हा ११२ असेल तर नव्याची त्या तिमाहीची किंमत ११२ बरोबर धरायची आणि पुढे नव्याच्या चालीने जायचं. दोन नमुन्यांच्या किमतीतला फरक निर्देशांकात शिरता कामा नये.

एखाद्या तिमाहीत भावच मिळाला नाही तर मागचाच आकडा पुढे ओढू नका. त्या ढिगातले बाकीचे नमुने जितके हलले तितकाच हाही हलला असं धरा आणि पुढच्या खेपेला दुरुस्त करा.

अनेक ऑफिसं मिळून करायचं असेल तर

ठाण्यातल्या आठ-दहा कन्सल्टंटांनी मिळून हे केलं तर निर्देशांक बराच भरवशाचा होतो. पण आधी एक सांभाळा: स्पर्धा कायदा, २००२ चं कलम ३ स्पर्धकांनी मिळून भाव ठरवण्याला मनाई करतं. म्हणून आकडे एकमेकांना दाखवायचेच नाहीत. एखाद्या सीएकडे किंवा कॉलेजच्या सांख्यिकी विभागाकडे ते बंद जाऊ द्या, फक्त होऊन गेलेल्या तिमाहीचे असू द्या, आणि बाहेर यावा तो फक्त निर्देशांक. एखाद्या ढिगात तीनपेक्षा कमी ऑफिसं असतील तर तो ढीग वेगळा छापू नका, कारण कोणाचा आकडा ते लगेच ओळखू येतं. ‘पुढच्या वर्षी किती मागणार?’ हा प्रश्न फॉर्मवर नको आणि चहाच्या टेबलावरही नको.

करारात वापरताना

पुनर्विकासाचं काम चार-पाच वर्षं रेंगाळतं, तेव्हा फीवाढीचं कलम हवंच. पण तुम्ही स्वतः काढलेला निर्देशांक त्या कलमात घालू नका. ज्याला पैसे द्यायचेत तो तुमच्या शीटवर विश्वास का ठेवेल? तिथे सार्वजनिक आकडा टाका. लेबर ब्युरोचा औद्योगिक कामगारांचा ग्राहक किंमत निर्देशांक, २०१६ = १००, दर महिन्याला निघतो आणि मुंबई केंद्राचा वेगळा मिळतो. कलमात चार गोष्टी लिहा: कोणती मालिका आणि कोणतं केंद्र, पाया महिना, फीचा किती भाग निर्देशांकाशी बांधला (सगळी फी सहसा कोणी बांधू देत नाही), आणि मालिकेचा पाया बदलला तर सरकारने दिलेला जोडगुणक (जुन्या मालिकेचा आकडा नव्या मालिकेशी जोडणारा गुणक) वापरायचा.

तुमचा निर्देशांक उपयोगी पडतो तो टेबलाच्या अलीकडच्या बाजूला. मुंबई केंद्राचा आकडा वर्षभरात किती चढला आणि आपला डिझाइनचा ढीग किती चढला, हे शेजारी ठेवून बघा. दोन्हींतली दरी म्हणजे पगारवाढ द्यायला कमी पडणारे पैसे. वजनं दर एप्रिलला ताज्या वर्षाच्या बिलांवरून नवी घ्या, जुनी शीट पुसू नका, आणि प्रत्येक दुरुस्तीशेजारी कोणी, कधी आणि किती तास वजा केले ते एका ओळीत लिहून ठेवा.